शून्य गुण, एक पळी कीरै

२१ नोव्हेंबर १९९८

आज माझे हृदय बेताल ठरले. इतकी वर्षे भजनमठात पुढे उभा राहून चिपळ्या वाजवल्या, मृदंगवाला जरा घसरला की त्याच्याकडे डोळे वटारले, आणि खुद्द आपल्याच छातीत हा प्रकार चालला होता.

जिना चढताना धाप लागते म्हणून अंबुजाने मला बळेच डॉक्टरांकडे नेले. डॉ. वैद्यनाथ तरुण आहेत, मद्रासला शिकून आलेले. महामहम तळ्याच्या कोपऱ्यावर त्यांचा नवा दवाखाना आहे. त्यांनी नाडी धरली, छातीला तारा चिकटवल्या आणि तमिळमध्ये सांगितले ते असे: लहानपणी माझे सांधे सुजून ताप आला होता, त्याने हृदयाची एक झडप आखडली. आता ठोके ताल सोडून पडतात. अशा हृदयात रक्ताची गाठ होते, आणि ती डोक्यात गेली की अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची.

"पण थांबा," ते म्हणाले, "त्या गोळीने रक्त वाहण्याचाही धोका असतो. तुम्हाला तो किती, ते आधी मोजू."

हे मला पटले. माझा धंदा लग्नाकार्याला पितळेची भांडी भाड्याने देण्याचा. हंडा देण्याआधी मीही पाणी भरून कुठे गळतो का ते पाहतो. माणसात पाणी भरून पाहता येत नाही, म्हणून डॉक्टर प्रश्न विचारतात.

प्रश्न चार होते. वय पासष्टच्या वर आहे का? पूर्वी कधी अर्धांगवायू झाला का? पोटातून रक्त गेले का? आणि साखर, मूत्रपिंडाचा विकार, अंगात रक्त कमी, हृदयाचा ताजा झटका, यांतले काही आहे का? प्रत्येक होकाराला एक गुण.

मी चारही वेळा नाही म्हणालो. डॉक्टरांनी कागदावर मोठे शून्य काढले.

साक्कोट्टैच्या शाळेत मला गणितात बरेचदा शून्य मिळाले, पण शून्य देताना हसणारा माणूस आजच पाहिला. "फार छान," ते म्हणाले, "जितके गुण कमी तितका धोका कमी." बुद्धीला समजले. मनात मात्र मी पुन्हा बाकावर उभा राहिलो.

निघताना त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक उघडून विचारले, "कोबी खाता का?" मी कानाच्या पाळ्या धरल्या. आमच्या घरात इंग्रजी भाजी उंबरा ओलांडत नाही. त्यांनी आणखी एक नाव वाचले. ती भाजी त्यांनीही कधी पाहिली नव्हती. तीही नाही म्हणालो. डॉक्टर खूष झाले. "मग तुमच्या जेवणाची चिंताच नाही!"

२४ नोव्हेंबर

पद्मनाभराव आले. हे अंबुजाचे थोरले बंधू. रेल्वेतून निवृत्त होऊन दहा वर्षे होत आली तरी अजून घरात शिट्टी झाल्याशिवाय उठत नाहीत. माझे ऐकून तेही वैद्यनाथांकडे जाऊन आले. त्यांचेही हृदय बेताल निघाले. हातात मैसूरपाकाचा पुडा होता.

"काय माप्पिळ्ळै, किती मिळाले तुम्हांस?" माप्पिळ्ळै म्हणजे जावई. ते तसे म्हणतात तेव्हा त्यात मान थोडा आणि मजा फार असते.

"शून्य."

"अय्यय्यो! चारांतला एकही नाही? मला तीन!"

"कमी गुण चांगले असतात म्हणे, राव."

"नापास झालेले सगळे असेच म्हणतात."

एक गुण वयाचा, एक साखरेचा, आणि एक चार वर्षांमागे त्यांचे तोंड वाकडे झाले होते त्याचा. डॉक्टरांनी त्यांना माझी गोळी दिली नाही, दुसरीच एक साधी गोळी दिली. "तुमची ती शून्यवाल्यांची गोळी," ते म्हणाले. "मला पाहून डॉक्टर गंभीर झाला. उठून उभा राहिला. तुमच्यासाठी उठला होता का?"

नव्हता उठला. मी खरे ते सांगितले. साखरेच्या गुणाचा आनंद म्हणून पहिला मैसूरपाक त्यांनीच खाल्ला.

३० नोव्हेंबर, द्वादशी

कालची एकादशी पाण्यावाचून झाली. आज उजाडताच पारणे. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या, म्हणजे देवळाच्या, मळ्यातून अगत्तिकीरैचे मोठे जुडगे आले होते. हा हादग्याचा पाला; कीरै म्हणजे पालेभाजी. चवीला कडू, पण उपाशी पोटाला थंड, आणि द्वादशीला तो नाही तर पारणे नाही. अंबुजा वरून ओले खोबरे घालते. मी तीनदा वाढून घेतला. जीभ कडू आणि मन गोड, असे या पाल्याचे आहे. उरलेला उद्या खाईन. देवाच्या दारचे टाकू नये.

३ डिसेंबर

रक्त तपासले. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. त्याखाली गेला तर रक्त दाट, वर गेला तर पातळ. माझा एक आणि थोडेसे निघाले. डॉक्टर म्हणाले, "गोळी लागत नाही," आणि वाढवली. शून्यवाल्याला गोळीसुद्धा किंमत देत नाही असे मनात आले. पद्मनाभरावांना हे सांगितले नाही.

९ डिसेंबर

वरचा पुढचा दात हलू लागला आहे आणि हिरडी सुजली आहे. दंतवैद्य गुरुमूर्तींनी लांबूनच पाहिले. "काढावाच लागेल. पण तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता. आकडा ठिकाणावर आहे असे वैद्यनाथांनी सांगितल्याशिवाय मी चिमटा उचलणार नाही. माझी खुर्ची नवीन आहे."

काही चावत नाही. दहीभात कालवून पितो.

काळजी दाताची नाही, गाण्याची आहे. चोवीस जानेवारीला आमच्या मठात रुक्मिणीकल्याण. श्रीकृष्ण आणि रुक्मिणीचे लग्न लावतो, मुहूर्तापासून फुगडीपर्यंत सगळे गाण्यात. नवऱ्याकडचा मी गातो, नवरीकडचे पद्मनाभराव. वडिलांनी मरताना भांडी थोरल्या भावाला दिली असती तरी चालले असते, पण हे गाणे मला दिले म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. वर्षभर मी हंडे घासतो. त्या एका दिवशी देव माझ्या तोंडून नवरी मागतो.

आज "सुंदर" म्हणायला गेलो आणि कळ मस्तकात गेली.

१५ डिसेंबर, द्वादशी

रक्त उपाशी पोटी द्यावे असे सगळेच सांगतात. मग एकादशीच्या पोटाइतके उपाशी पोट कुठले? पारण्याआधीच जाऊन दिले. या बुद्धीचे मला स्वतःलाच कौतुक वाटले.

संध्याकाळी डॉक्टरांनी निरोप पाठवून बोलावले. आकडा पाचाजवळ! त्यांचा चेहरा पडला होता. पुन्हा चार प्रश्न विचारले. पुन्हा शून्य. मग त्यांनी दार लोटले, अंबुजाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सार, दारू घेता का?"

अंबुजा बाकावरून उठली. "काय विचारिले ह्यांनी?"

"सगळ्यांना विचारावे लागते, मामी."

"सगळ्यांस विचारा. ह्यांस काप्पीसुद्धा कडक चालत नाही!"

पण घरी आल्यावर मी पाणी प्यायलेला पेला तिने दोनदा हुंगला. पतिव्रतेलाही खात्री करून घेण्याचा हक्क आहे.

दोन दिवस गोळी बंद, पुढे कमी. अंबुजाने एवढेच धरले की रक्त पातळ झाले आहे. "पातळ रक्त म्हणजे अशक्त रक्त," ती म्हणाली, "त्यास सत्त्व पाहिजे." सकाळचे पारण्याचे अगत्तिकीरै झालेच होते. उद्यापासून रोज शेवग्याचा पाला, मऊ शिजवून, दाताला त्रास नको म्हणून वाटून. बायकोची माया ही अशी.

२२ डिसेंबर

आकडा एकावर आला.

डॉक्टरांनी कागद पालथा करून पाहिला, जणू खरा आकडा मागे लिहिला असेल. मग मला म्हणाले, "एकदा नीट आठवा. पोटातून कधी रक्त? निदान थोडी साखर?" असे विनवून विचारत होते की त्यांच्यासाठी तरी एखादा गुण असावा असे वाटले. नाही सापडला. शून्य.

"पुस्तकाप्रमाणे तुम्ही सगळ्यांत सोपे पेशंट," ते कपाळ चोळत म्हणाले. "आणि रक्त भरती-ओहोटीसारखे."

ते ऐकून माझ्या मनात प्रकाश पडला. भरती-ओहोटी चंद्रामुळे येते. माझे रक्तही पंधरवड्यानेच वरखाली होते आहे. चंद्र मनाचा स्वामी, आणि मन हृदयात राहते. मी हे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी पाणी मागवले.

गोळी पुन्हा वाढली. पण आता शेवटची ताकीद आहे. यापुढेही आकडा असाच नाचला तर गोळी बंद करून मला वेल्लोरच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार. मग अर्धांगवायूचे भय आहेच, दात तसाच, आणि रुक्मिणीकल्याण पद्मनाभराव एकटे गाणार. त्यांनी दोन्ही बाजूंची तालीम सुरू केली आहे. ते शेजारीच राहतात, भिंतीपलीकडून ऐकू येते. नवराही तेच, नवरीही तेच. स्वतःच मागणी घालतात आणि स्वतःच लाजतात.

३० डिसेंबर, द्वादशी

काल वैकुंठ एकादशी. निर्जळी उपास, दिवसभर नामसंकीर्तन. आज पहाटे मठात काकडआरती म्हणताना मृदंगवाल्याने वाजवणे थांबवले आणि माझ्या छातीकडे बोट दाखवले. पांढऱ्या उपरण्यावर लाल थेंब. हिरडीतून रक्त येत होते आणि मला पत्ता नव्हता.

"तोंड मिटा!" पद्मनाभराव ओरडले. "मान वर! नको, मान खाली! कोणी डॉक्टरास आणा, आमचा माप्पिळ्ळै गळतो आहे!"

मला चार जणांनी घरी नेले. वाटेत पद्मनाभरावांनी माझा हात सोडला नाही.

डॉ. वैद्यनाथ स्कूटरवरून, शर्टाची बटणे उलटसुलट लावून आले. कापसाचा बोळा हिरडीवर दाबून धरला. रक्त थांबले. "आता दवाखान्यात चला."

मी हात जोडले. "डॉक्टर, द्वादशी संपायच्या आत पारणे झाले पाहिजे. दोन घास."

"तुम्हाला रक्त येते आहे!"

"थांबले आहे. एकादशी मोडली तर ती कोण जोडणार?"

अंबुजाने डॉक्टरांसाठीही पाट मांडला. दारात आलेला ब्राह्मण, द्वादशीचा अतिथी, सुटणार कुठे? ते घड्याळ पाहत बसले. पाने मांडली. माझ्या पानावर तिने अगत्तिकीरैचा डोंगर घातला, त्याच्या शेजारी शेवग्याच्या पाल्याची टेकडी.

डॉक्टर पानाकडे पाहत राहिले.

"मामी," ते म्हणाले, "हे काय?"

"अगत्तिकीरै. ते दुसरे मुरुंगैकीरै. ह्यांचे रक्त पातळ म्हणोन."

"रोज?"

"मुरुंगै रोज. अगत्ति द्वादशीस. तुम्हांस वाढू?"

"आणि एकादशीला?"

"एकादशीस पाणीसुद्धा नाही," मी अभिमानाने म्हणालो.

डॉक्टरांनी डोके दोन्ही हातांत धरले. खांदे हलू लागले. मला वाटले, रडतात. मग पाहिले तर हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कोबी!" एवढेच म्हणत होते. "मी कोबी विचारत बसलो! माझी आईसुद्धा द्वादशीला हेच करते!"

मग त्यांनी समजावले. हिरव्या पाल्यात रक्त दाट करणारा काही गुण असतो. गोळी रक्ताला एकीकडे ओढते, कीरै दुसरीकडे. उपास पडला, दहीभात खाल्ला, की गोळी जिंकते. डोंगर खाल्ला की कीरै जिंकते. उपाय असा: रोज फक्त एक पळी कीरै. कमी नाही, जास्त नाही, चुकवायची नाही. आणि जेवण सारखे.

"रोज कीरै म्हणजे रोज द्वादशी," मी म्हणालो.

"तसे समजा."

"मग रोज आदल्या दिवशी एकादशी यायला हवी."

डॉक्टर उठले. पद्मनाभराव माझ्या कानात म्हणाले, "पाहा, उठला. तुमच्यासाठीही उठला."

१३ जानेवारी १९९९, एकादशी

पळीचे ठीक चालले आहे. अंबुजाने आचमनाच्या पळीएवढी एक पळी वेगळी काढली, मग स्वतःच म्हणाली, ही फार लहान, आणि तुपाची घेतली. वर आलेला पाला ती बोटाने सपाट करते, सोनार करील तसा.

पण आज पेच. डॉक्टरांनी सांगितले आहे की पूर्ण उपास नको, पाणी प्या, फळे-दूध घ्या, आणि पळी चुकवू नका. फळे-दूध चालते. पण एकादशीला अगत्तिकीरै? ते द्वादशीचे पान. आज खाल्ले तर देवाचा तिथीचा हिशेब चुकेल.

काल मुद्दाम गोविंदपुरम्ला जाऊन नामसंकीर्तनाच्या जुन्या स्वामींच्या अधिष्ठानापुढे, म्हणजे समाधीपुढे, बसून राहिलो. तिथे कोणी काही सांगत नाही, म्हणून उत्तर नीट ऐकू येते. आई म्हणायची, औषधाला सोवळे नाही. म्हणजे पान खायचे, पण भाजी म्हणून नाही, औषध म्हणून. म्हणजे खोबरे नको.

आज विठोबाच्या तसबिरीकडे पाठ करून, डोळे मिटून, बिनखोबऱ्याची एक पळी गिळली. वळून पाहिले तर विठोबा कमरेवर हात ठेवून तसाच उभा. रागावलेला दिसला नाही. पुढच्या वेळी पाठ करणार नाही. त्याला मागूनही दिसतच असेल.

१६ जानेवारी

आकडा अडीचच्या आसपास! डॉक्टरांनी कंपाउंडरला बोलावून दाखवला. पुन्हा चार प्रश्न, पुन्हा शून्य. या वेळी शून्य गोल गोल, सुंदर दिसले, घासलेल्या परातीसारखे. दात काढायला परवानगी मिळाली.

डॉक्टरांनी त्या जाड पुस्तकात कोबीच्या शेजारी पेन्सिलने तमिळमध्ये काही लिहिले. बहुतेक माझ्या आकड्याची आठवण असावी. चंद्राचा विषय मी पुन्हा काढला नाही, पण माझे मत बदललेले नाही. एकादशी-द्वादशी चंद्रच करतो.

१८ जानेवारी

दात गेला. गुरुमूर्तींनी खुर्चीवर आधी धोतर अंथरले होते. रक्त फार आले नाही. ते थोडे निराश दिसले.

आरशात पाहिले. मधोमध खिडकी.

२५ जानेवारी

काल रुक्मिणीकल्याण झाले. घडले तसे लिहितो.

मठ भरला होता. डॉ. वैद्यनाथ त्यांच्या आईला घेऊन पुढे बसले होते. मी नवऱ्याच्या बाजूने उभा राहिलो, चिपळ्या उचलल्या आणि रुक्मिणीला साद घातली. "सुंदरी" या शब्दावर दातांच्या खिडकीतून अशी लांबलचक शीळ निघाली की मृदंगवाल्याचा हात हवेतच राहिला.

पुन्हा म्हणालो. पुन्हा शीळ.

मी मेल्याहून मेला झालो. वडिलांनी दिलेले गाणे, आणि त्याचे हे. मग समोरून, नवरीच्या बाजूने, पद्मनाभरावांचा खणखणीत आवाज:

"पाहा हो! कृष्णाने शीळ घातली! म्हणोनच आमची पोर भाऊ-बाप सोडून पळाली!"

मठ हसून कोसळला. डॉक्टरांची आई तर भिंतीला टेकली. मग मीही मोकळा झालो. प्रत्येक शिळेला बायका फुले उधळू लागल्या. पुढच्या वर्षीही शीळ हवी असे आताच लोक म्हणू लागले आहेत. अंबुजा म्हणते, दात बसवून घ्या. बघू.

खरे लिहायचे ते पुढे आहे. लग्न लागल्यावर फुगडीसाठी सगळे उठले. पद्मनाभराव उठले नाहीत. खांबाशी बसून होते. मी शेजारी बसलो.

"माप्पिळ्ळै," ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुमचे उपरणे लाल पाहिले, त्यानंतर मी डॉक्टरास नीट विचारले. तीन गुण म्हणजे काय ते."

मी चिपळ्या खाली ठेवल्या.

"गोळी घेतली तर रक्ताचे भय. नाही घेतली तर गाठीचे. म्हणोन मधली साधी गोळी. तो म्हणाला, साखर सांभाळा, घाबरू नका." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "मी तर मैसूरपाक वाटला."

"छान होता."

"ते तुमचे शून्य... ते कसे मिळवितात हो? वय तर कमी करता येत नाही."

साक्कोट्टैत गणिताच्या तासाला मी ज्याच्या पाटीत डोकवू पाहायचो, त्याने मला कधी पाहू दिले नाही. तेव्हा काय वाटायचे ते आठवले.

"राव," मी म्हणालो, "तुमचे तीन, माझे शून्य. एकाच घरचे आहोत. दोघांत वाटून घेऊ. दीड-दीड."

त्यांचे ओठ हलत होते, हिशेब करीत असावेत.

"दीड," ते म्हणाले. "म्हणजे मी निम्म्यावर आलो?"

"आणि मी शून्यातून वर."

"हिशेबाची काही रीत नाही ही."

"नाही."

"तुम्ही शाळेतही असेच करीत असाल." ते उठले, धोतर सावरले आणि मला हात दिला. "चला. दीड आणि दीड, फुगडीला दोघे पुरतात."

आम्ही फुगडी घातली. छातीत ताल चुकत होता, त्यांच्याही चुकत असणार. पायांत मात्र जमला.

२ फेब्रुवारी

आता पद्मनाभराव रोज सकाळी आमच्याकडे येतात, बिनसाखरेची काप्पी घेतात, आणि अंबुजा माझी पळी सपाट करते तेव्हा शेजारी उभे राहून पाहतात. "थोडे जास्त झाले," म्हणतात. कधी, "थोडे कमी."